पावसाळ्याची घोडी

मागे आवाज येतोय ना? हात वर करा. बरं, येतोय.

सुरुवातीलाच एक तक्रार करून मोकळा होतो, नाहीतर ती भाषणभर घशात अडकून राहील. बाहेर दारात जे पोस्टर लावलंय त्यावर मोठ्या अक्षरांत 'अश्रूंचे सूर' लिहिलंय, खाली काटेरी तार आणि तारेवर एक पक्षी बसलाय. मी यांना शीर्षक दिलं होतं 'रबाब : कातडं, लाकूड आणि शिष्य', रबाब म्हणजे अफगाणी तंतुवाद्य. दोन-चार दिवसांनी फोन, सर, ते कातडं पोस्टरवर बरं दिसत नाही हो. अहो, तुम्ही याच हॉलमध्ये तबला ऐकता, तो काय रेक्झिनचा असतो? (हशा) असो. रविवारी संध्याकाळी मेगाब्लॉक असताना तुम्ही आलात म्हणजे पोस्टरने काम केलंय. पण कोणी रडायला आलं असेल तर तेवढी सोय आज नाही, आधीच सांगून ठेवतो.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो, मग फाटे फोडायला मी मोकळा. देश सुटलेला वादक म्हटला की आपण आधी त्याच्या दुःखाकडे बघतो. दुःख असतंच, नाही कोण म्हणतंय. पण वाद्य दुःखावर चालत नाही हो, ते सामानावर चालतं. माणूस घरातून पळताना वाद्य काखेत मारून पळू शकतो, पण ते घडवणारा मिस्त्री, कातडं कमावणारा, तार विकणारा, ठेका धरणारा, आणि मैफलीत पुढे बसून 'आज काही जमलं नाही बरं का' असं तोंडावर सांगणारा जाणकार म्हातारा, ही सगळी मंडळी मागे राहतात. नव्या गावात यातलं काय काय परत उभं राहतं त्यावर ठरतं की वाद्य वाजत राहणार की शोकेसमध्ये जाणार. यावर मला आज तीन मुद्दे मांडायचेत, लाकूड, शिष्य आणि कागदपत्रं. तीन आहेत हे लक्षात ठेवा, मी विसरतो.

आता रबाब. निदान हिंदी सिनेमातल्या पठाणाच्या मांडीवर तरी सगळ्यांनी बघितलाय. तुतीच्या लाकडाचा एकच ओंडका घ्यायचा आणि आतून कोरत जायचं, पोट आणि मान एकाच तुकड्यात. पोटाच्या खालच्या भागावर बकरीचं कातडं, वर लाकडी झाकण, मानेवर बांधलेले चार पडदे, फक्त चार. वाजवायच्या मुख्य तारा तीन, पूर्वी आतड्याच्या असायच्या, आता नायलॉनच्या. सोबत दोन-तीन नुसता सूर धरून ठेवणाऱ्या, आणि खाली तेरा ते पंधरा तरफा, म्हणजे मुख्य तारांच्या सुराबरोबर आपोआप गुंजणाऱ्या बारीक तारा, त्या धातूच्या. आणि यात एक गंमत करून ठेवलीय बघा, सगळ्यात आखूड जी तरफ असते ती घोडीवर, म्हणजे कातड्यावरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्यावर, जरा उचलून बसवलेली असते. म्हणजे उजव्या हाताने मुख्य तारेवर गत चाललेली असताना मधल्या फटीत तिच्यावर जव्याची, म्हणजे तार छेडायला बोटांत धरतात त्या तुकड्याची, टिचकी मारता येते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आणखी कोणीतरी शेजारी बसून वाजवतंय. सरोदसारखी लांब मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, यात नाही, सूर उमटतो आणि पटकन विझतो, त्यामुळे उजव्या हाताला उसंत नाही. मी स्वतः गेली कित्येक वर्षं सरोद खाजवतो, वाजवतो म्हणवत नाही, पण रबाबवाल्याचा उजवा हात जवळून बघितला की लाज वाटते.

आणि हे वाद्य आपल्याला परकं नाही, हेही सांगायलाच हवं, कारण लोक विचारतात की तुम्ही मराठी माणूस, तुमचा काबूलशी काय संबंध. अहो, १८६० च्या दशकात अमीर शेर अली खान याने हिंदुस्थानातून गवई आणि वादक काबूलला नेले, दरबारासाठी. त्यांची वस्ती बाला हिसार किल्ल्याजवळ झाली, तो खराबात मोहल्ला. म्हणून काबूलचा वादक राग म्हणतो, अस्ताई-अंतरा म्हणतो, तीनतालात वाजवतो, तबला घेऊन बसतो. काबूलचे सगळ्यात मोठे गवई उस्ताद सराहंग पतियाळा घराण्यात आशिक अली खांसाहेबांकडे शिकले. आणि उलट्या दिशेने बघा, तिकडून घोड्यांचे व्यापारी आणि सैनिक इकडे आले त्यांच्याबरोबर रबाब आला, आपल्याकडे त्याला धातूच्या तारा आणि पोलादी पट्टी मिळाली आणि त्याचा सरोद झाला. तो सरोद या मुंबईत, आपल्या फिल्मी ऑर्केस्ट्रात, झरीन दारूवाला बाईंनी वाजवला. म्हणजे अफगाण वाद्याचा नातू, आणि वाजवणारी पारशी बाई, जिचे पूर्वज कधीकाळी इराणातून घरदार सोडून आले. हे शहर असंच आहे. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि तिचं उल्हासनगर झालं, आता तिथल्या पापडाशिवाय आपलं लग्नघर चालत नाही. विषयांतर होतंय, माहितीय.

एकच सांगतो आणि किश्श्याकडे वळतो. १९७४ साली उस्ताद मोहम्मद उमर, रबाबातला शेवटचा शब्द म्हणा, अमेरिकेत सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये शिकवायला गेले होते. तिथे त्यांची मैफल झाली, आणि तबल्यावर कोण, तर आपल्या माहीमचा तेवीस वर्षांचा मुलगा, झाकिर हुसेन. ते ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, जरूर ऐका. काबूलचा माणूस आणि माहीमचा मुलगा, आणि कुठे अडत नाहीत. तालाची व्यवस्था दोघांची एकच, मग अडायचं कशाला?

तर किस्सा. समोर माझी बायको बसलीय, तिने हा इतक्यांदा ऐकलाय की ती आता पर्समधून शब्दकोडं काढेल. (हशा) काढलं बघा.

तालिबान २०२१ च्या ऑगस्टमध्ये परत आले त्यानंतरची गोष्ट, महिना जुलै. उपनगरातल्या एका संस्थेने दिल्लीहून एक रबाबवादक बोलावले. त्यांचं नाव मी सांगत नाही, त्यांची भावंडं अजून तिकडे आहेत आणि कोणाच्या घरात कोण काय वाजवतो हे सध्या तिकडे न कळलेलं बरं. आपण त्यांना उस्ताद म्हणू. मला संस्थेने बोलावलं ते दुभाष्या म्हणून, कारण मला तारांचंही थोडं कळतं आणि माझं हिंदी मुंबईचं असलं तरी उस्तादांना समजेल असा त्यांचा अंदाज. उस्ताद राजधानीने आले. बर्थवर रबाब झोपलेला आणि हे पायथ्याशी बसून, असा रात्रभर प्रवास. सकाळी मुंबई सेंट्रलला उतरले तेव्हा पाऊस असा की समोरची टॅक्सी दिसेना. रबाबच्या खोळीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर त्यांचं जाकीट, आणि स्वतः चिंब.

दुपारी हॉलवर गेलो. ग्रीनरूमला खिडकी एक, ती गंजून बंद. एसी फक्त स्टेजवर. उस्तादांनी खोळ उघडली, रबाब मांडीवर घेतला आणि काही वाजवायच्या आधी अंगठ्याने कातडं दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग माझा हात धरून माझा अंगठा तिथे टेकवला. कातडं ओलं नव्हतं, पण त्यातला ताण गेला होता, दाबलं की खाली जायचं आणि वर यायला वेळ घ्यायचं. आता कातडं बसलं की त्यावरची घोडी बसते, घोडी बसली की तारा खाली येतात, तारा पडद्यांना घासायला लागतात आणि सुराबरोबर झर्र झर्र असा एक आवाज यायला लागतो जो कुठल्याच रागात नाही. शिवाय सगळं उतरतं. मुख्य तारा चढवाव्यात तर तरफा बेसूर, तरफा लावाव्यात तर तोवर मुख्य तारा पुन्हा खाली. काबूलच्या कोरड्या हवेत जन्मलेलं वाद्य, त्याला आपला जुलै सोसेना. दिल्लीत दमट दिवस असतात, पण उस्ताद म्हणाले, ये तो हवा नहीं है जनाब, ये तो पानी है। (हशा)

मी हेअर ड्रायर मागवला. आला नाही. शंभरचा बल्ब मागवला, एलईडी आला, त्याला ऊब कुठली. उस्तादांनी मग घोडीखाली काहीतरी पातळ सरकवायला मागितलं. तेवढ्यात प्रमुख पाहुणे ग्रीनरूममध्ये डोकावले, नमस्कार-चमत्कार झाले, त्यांनी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून उस्तादांना दिलं. जाड कार्ड, सोनेरी कडेचं. उस्तादांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं, पाहुणे बाहेर जाताच मधोमध फाडलं आणि दोन घड्या करून घोडीच्या दोन पायांखाली सरकवल्या. झरझर थांबली. आवाज धुरकट झाला, पण थांबली. पुढची सगळी संध्याकाळ ते पाहुणे अक्षरशः रबाबाखाली दबलेले होते. (मोठा हशा)

कार्यक्रमाची वेळ साडेसहा, हॉल नऊला सोडायचा. आता मी काय काय झालं ते सांगतो, तुम्ही मनातल्या मनात घड्याळ लावा. दीपप्रज्वलन, पंख्याने ज्योत विझते म्हणून पंखा बंद, पंखा बंद म्हणून निवेदिकाबाईंना घाम, मग पंखा पुन्हा चालू. गणेशवंदना. प्रास्ताविक. संस्थेचा अहवाल. मग पडद्यावर फिल्म, त्यात रणगाडे, धूळ, बुरखे, रडणारी मुलं, मागे व्हायोलिन. बाजूला उस्ताद कान रबाबाला लावून तरफा लावतायत आणि व्हायोलिनमुळे त्यांना सा सापडत नाहीये. मग प्रमुख पाहुणे उठले. आणि मंडळी, त्यांनी पानिपत काढलं. अफगाणिस्तानातला पाहुणा आलाय म्हटल्यावर त्यांना १७६१ शिवाय दुसरं काही आठवेना. अब्दाली झाला, भाऊसाहेब झाले, विश्वासराव झाले, दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, सगळा हिशेब झाला, आणि वसुलीला समोर बसलेत हे एकटे, मांडीवर रबाब घेऊन. उस्तादांना मराठी येत नाही पण अहमदशाह हे नाव कळतं. त्यांनी हळूच मला विचारलं, साहब क्या फरमा रहे हैं? मी म्हटलं, आपके मुल्क से हमारे पुराने ताल्लुकात बयान कर रहे हैं। (हशा, टाळ्या)

मग शाल, श्रीफळ, मानचिन्ह. मग मुलाखत. निवेदिकाबाई, बिचाऱ्या चांगल्या मनाच्या, त्यांनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं की उस्तादजी, वतन की याद आती है तो दिल पर क्या गुज़रती है? उस्ताद म्हणाले, जी, इस वक्त तो खाल की याद आ रही है, ज़रा एसी कम करवा दीजिए। लोक हसले, त्यांना तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता हो! ग्रीनरूमच्या दमट हवेतून एसीखाली आल्यावर कातडं आता उलट आकसायला लागलं होतं, मगाशी एवढ्या कष्टाने लावलेलं सगळं चढत चाललं होतं. तो माणूस आपल्या धंद्यातली सगळ्यात खरी गोष्ट सांगत होता आणि आपण टाळ्या वाजवल्या.

वाजवायला मिळाली शेवटची बारा-पंधरा मिनिटं. शकल वाजवली, म्हणजे आपला आलाप, आणि मग बैरमीतली एक गत, आपल्या भैरवीच्या अगदी शेजारची. तबल्याला गिरगावातला एक तरुण मुलगा, त्याने आयुष्यात रबाब बघितला नव्हता. दुसऱ्या आवर्तनाला त्याला ती आखूड तरफेची टिचकी कळली आणि त्याने तिथे मात्रा मोकळी सोडायला सुरुवात केली. उस्तादांनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे बघितलं. आणि त्यांचं लागलं न लागलं तोच विंगेतून टॉर्च दिसायला लागली, वेळ संपली म्हणून.

मानधनाचं राहिलंच. संस्थेचे हिशेबनीस म्हणाले पॅन कार्ड द्या. उस्तादांकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्ड, दिल्लीच्या ऑफिसचं. हिशेबनिसांनी ते पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि म्हणाले, यावर टीडीएस कसा कापू? शेवटी मानधन माझ्या नावाने निघालं, कर कापून, आणि मी उस्तादांना रोख दिलं. म्हणजे आयकर खात्याच्या दप्तरी त्या वर्षी मुंबईत रबाब मी वाजवलाय. (हशा)

आता खरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची. तो तबलावाला मुलगा उस्तादांना त्याच्या पुडीवाल्याकडे, म्हणजे तबल्याला कातडं चढवणाऱ्याकडे, घेऊन गेला, मीही गेलो. गिरगावात चाळीच्या जिन्याखाली दुकान, दुकान कसलं, दोन माणसं बसली की तिसऱ्याने उभं राहायचं. म्हातारबुवांनी रबाब उलटा केला, सुलटा केला, कातड्यावर नखाने टिचकी मारली, कडेने बोट फिरवलं. विचारलं, याला वादी कुठाय? गट्ठे कुठायत? वादी म्हणजे तबल्याचं कातडं ताणून धरणारी चामड्याची पट्टी, गट्ठे म्हणजे तिच्याखाली खोचलेले लाकडी ठोकळे. इथे दोन्ही नाहीत. हे कातडं कडेने चिकटवलंय. म्हातारबुवा म्हणाले, मग हे उतरलं तर ठोकायचं कुठे? बघा, सगळा प्रश्न त्या माणसाने एका वाक्यात काढला. तबल्याला हातोडी आहे, हवा बदलली की गट्ठा ठोका, चढवा, उतरवा. रबाबाच्या कातड्याला ही सोय नाही, ते एकदा चिकटवलं की हवेच्या हवाली. ज्या मुलखात हवा कोरडी तिथे ते चालून जातं.

मग त्यांनी त्यावर काय तोड काढली, तर घोडी. कातडं तुमचं आहे ते राहू द्या, म्हणाले, पावसाळ्याला घोडी वेगळी करू, जरा उंच. जुन्या घोडीचं माप घेतलं, कागदावर दाबून तरफांच्या भोकांचे ठसे घेतले, आणि शिसवीचा एक तुकडा घेऊन कानशीने बसले. मधेच उस्ताद कानशी हातात घ्यायचे, दोन घास मारायचे, परत द्यायचे. दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नव्हती, मी दुभाष्या म्हणून तोंड उघडलं की दोघंही हाताने गप्प बसा अशी खूण करायचे. संध्याकाळी उस्ताद दिल्लीला गेले ते दोन घोड्या घेऊन, एक कोरड्याची, एक पावसाळ्याची. ही दुसरी काबूलमध्ये लागली नसती. माझ्या मते परदेशात परंपरा टिकवणं म्हणजे ही घोडी. ते पानिपत आणि ती फिल्म नव्हे.

चिठ्ठी आली. 'सर, १० मि.' बरं. म्हणजे मी पण त्या संस्थेसारखंच केलं, वाजवायला दहा मिनिटं ठेवली. (हशा) तर तीन मुद्दे, पळत पळत.

लाकूड. तुती आपल्याकडे नाही असं नाही, बीड-जालन्याकडे रेशीम शेतीसाठी एकरच्या एकर तुती आहे. पण ती पाल्यासाठी सारखी छाटतात, झुडूपच राहते, रबाबाला लागतो तो जाड, जुना, कोरायला पुरेल असा बुंधा. असा बुंधा बांधावर एखाद्या झाडाचा मिळाला तर मिळाला. कारागीर मात्र आहेत. मिरजेचं उदाहरण तुम्हाला माहितीय, शिकलगार मंडळी तलवारींना धार लावायची, शस्त्रांचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली आणि त्यावर एक अख्खं गाव उभं राहिलं, २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी तिथल्या एका कारागिराला विचारलं, रबाब कराल का? म्हणाले, नमुना आणि लाकूड आणा, बघू. गिऱ्हाईक किती, हे पण त्यांनी विचारलं, आणि तिथे मी गप्प. हाच तर मुद्दा आहे. १९९२ नंतर काबूलमध्ये आपसातली लढाई झाली, खराबात मोहल्ल्याचा ढिगारा झाला, वादक पेशावरला गेले. तिथे लाकूड होतं, कातडं होतं, लग्नं होती, ऐकणारे पठाण होते, म्हणून खलील हाऊस नावाच्या एका इमारतीत वादकच वादक राहायला लागले आणि काम चालू राहिलं. हुमायून सखी तरुणपणी तिथलेच, पुढे कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला गेले, आज जगभर वाजवतात. पण फ्रीमॉन्टमध्ये रबाबाची दुरुस्ती कोपऱ्यावर होत नाही, आणि अफगाण लग्नात तिथे कीबोर्ड असतो. आपल्या लग्नात सनई कुठे उरलीय, तेव्हा त्यांना नावं ठेवायला नकोत.

शिष्य. काबूलमध्ये हे घराण्याचं काम, बापाकडून मुलाकडे. देश सुटला की हा धागा दोन प्रकारे बदलतो. वादकाचा मुलगा म्हणतो मला आयटीत जायचंय, बरोबर म्हणतो, त्याला घर चालवायचंय. आणि शिकायला येते डॉक्टरची मुलगी, जर्मनीतली किंवा इंग्लंडमधली, जिच्या घरात सात पिढ्यांत कोणी वाजवलेलं नाही. काही उस्तादांना हे सुरुवातीला जड जातं. पण मुली शिकल्या, ही या सगळ्या उलथापालथीतली माझ्या मते चांगली गोष्ट आहे, आणि याचं श्रेय फक्त परदेशाला देऊ नका. काबूलमध्ये अहमद सरमस्त यांनी २०१० मध्ये राष्ट्रीय संगीत संस्था सुरू केली तिथे मुलं-मुली एकत्र शिकत, तिथूनच फक्त मुलींचा झोहरा ऑर्केस्ट्रा निघाला. २०१४ मध्ये काबूलमध्येच एका कार्यक्रमात आत्मघाती हल्ला झाला, सरमस्त जखमी झाले, बरे होऊन परत कामाला लागले. तालिबान परतल्यावर शाळा अख्खीच्या अख्खी बाहेर काढली, पावणेतीनशेच्या आसपास माणसं, विद्यार्थी-शिक्षक धरून, आणि पोर्तुगालमध्ये नेली. एकटा वादक न नेता शाळा नेली, हे मला फार शहाणपणाचं वाटतं, म्हणजे साथीदार, गुरू, वर्गमित्र आणि चुका काढणारे सगळे बरोबर गेले. बाकीच्यांना राहतं ते ऑनलाइन. त्यात दोघांनी एकत्र वाजवता येत नाही, आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे गुरूने तुकडा वाजवायचा, थांबायचं, शिष्याने वाजवायचा. जुनीच पद्धत आहे ती, फक्त तबल्याचा उपयोग होत नाही आणि हाताचा कोन कॅमेऱ्यात कळत नाही.

कागदपत्रं. यावर खरं तर मला अर्धा तास हवा होता. आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासितांच्या करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे असा माणूस इथे राहतो खरा पण काम, बँक, भाड्याचं घर, प्रत्येक ठिकाणी त्याच्या कार्डाकडे लोक त्या हिशेबनिसांसारखे बघतात. ज्याला बाकायदा शिकवणी घेता येत नाही तो शिष्य कुठून करणार? २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने रबाब घडवण्याची आणि वाजवण्याची कला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतली, अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान अशी चौघांची मिळून. आनंद आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, हेरातमध्ये वाद्यं जाळली होती, त्या ढिगात तबला आणि हार्मोनियमसुद्धा होती. म्हणजे जिथला वारसा तिथे वाजवता येत नाही आणि जिथे वाजवता येतो तिथे पॅन कार्ड नाही. संस्थांना माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशा कलाकाराला बोलावलंत तर मानधन कसं देणार हे त्याला बोलवायच्या आधी ठरवा, दीड तास वाजवायला द्या आणि पाहुणे एकच ठेवा, तेही इतिहासाचे नकोत.

आणखी एक चिठ्ठी आलीय. ही प्रश्नाची आहे, वाचतो, 'माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तिला मुंबईत रबाब शिकता येईल का?' ताई, कुठे बसलायत तुम्ही? हां. मला माहीत असलेला रबाबचा गुरू मुंबईत तरी कोणी नाही. पण आधी सरोदच्या शिक्षकाकडे पाठवा, जवा धरणं आणि उजवा हात तिथे तयार होईल, आणि नंतर दिल्लीच्या उस्तादांकडे ऑनलाइन, मी जोडून देतो, ते हो म्हणतील, त्यांना शिष्य हवेच आहेत. लहान आकाराचे रबाब मिळतात, मोठा घेऊ नका, तिचा हात पडद्यांपर्यंत पोचायला हवा. आणि घेतलात तर जूनच्या आत गिरगावात घेऊन या. आधी फोन करा मात्र, म्हातारबुवा दुपारी दोन ते चार झोपतात.